ज्याची सुट्टी, त्याची शिट्टी

४ नोव्हेंबर

मामा,

गेल्या रविवारी, पहिला हाफ संपत आलेला असताना, मला लाल कार्ड मिळालं, आणि तेव्हापासून माझं काहीही पहिल्यासारखं राहिलेलं नाही.

नमस्कार राहिलाच. तो मनात केलाय असं समजा. छापखान्याच्या बाइंडिंग खात्यात बसून लिहितोय, दोन्ही हात डिंकाने बरबटलेत.

तुम्ही म्हणाल, तुझं डोकं हे असं, कार्ड मिळायचंच. पण ऐका तरी. गिरणीच्या बॅकने माझा शर्ट मागून धरला. अख्ख्या मैदानाने पाहिलं. शिट्टी वाजली नाही. मी पंचांना जाऊन विचारलं. मी कसं विचारतो ते तुम्हाला ठाऊक आहेच.

त्या दिवशी सुट्टी दवाखान्याची होती, म्हणून शिट्टी दवाखान्याची. दर वेळी त्यांचा भटारखान्यातला आचारी येतो. या वेळी त्यांनी एक्स-रे खात्यातल्या बाई पाठवल्या. बाई म्हणजे माझ्याच वयाची, फार तर वर्षाने मोठी. केस घट्ट बांधलेले, पायात भावाचे वाटावेत असे बूट. सगळी लीग तिला 'एक्स-रे'च म्हणते. मी ओरडून ओरडून दमलो तोवर ती गप्प उभी होती. मग म्हणाली, "झालं? आता श्वास सोडा." आणि कार्ड वर केलं. मैदान हसलं. मीही हसलो असतो, पण श्वास सोडायचाच राहून गेला.

पुढे आपल्या लीगचा तो नियम. ज्याला बाहेर काढलं त्याने उरलेला दिवस त्याच पंचाच्या हाताखाली झेंडा धरायचा. म्हणजे पुढचे दोन सामने मी तिच्या रेषेवर. ती एवढंच म्हणाली, "ओरडायचं नाही. झेंडा वर करा आणि माझ्याकडे बघा." मी बघितलं. इतकं बघितलं की बेकरीचा एक ढळढळीत ऑफसाइड माझ्या नाकासमोरून गेला. त्यावरही तिने ओरडा केला नाही. नुसती मान हलवली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

घरी तसंच. कॉलेज सोडल्याला वर्ष होत आलं, बाबा अजून बोलत नाहीत. मी समोर बसलेला असताना आईला सांगतात, "त्याला म्हणावं, दिवा मालवून झोप."

हा झेंड्याचा नियम काढला कुणी? कंपोझिटरकाका म्हणतात, तुमच्याच डोक्यातून निघाला. खरं का? सविस्तर लिहा. इथे कुणालाच धड माहीत नाही.

तुमचा भाचा


१३ नोव्हेंबर

चिरंजीव तापटराव,

आशीर्वाद अनेक. त्यातला एक डोकं थंड राहावं म्हणून वेगळा काढून ठेवलाय.

तू विचारलंस आणि मी दुपारची झोप घालवून बसलो. इथे चौथ्या मजल्यावर, लेकीच्या घरी, माझ्या गुडघ्यांना काम नाही. खिडकीतून एक मैदान दिसतं, त्यावर गाड्या उभ्या करतात. ते बघितलं की आपला वीटभट्टीचा माळ आठवतो.

तुम्ही ज्याला मैदान म्हणता ते तेव्हा बंद पडलेल्या भट्टीचं आवार होतं. असा उतार की वरून खाली खेळणाऱ्याला गोल मिळायचे आणि खालून वर खेळणाऱ्याला धाप. गोलाचे खांब आगारातल्या टाकाऊ पाइपांचे. वरची दांडी नव्हतीच, दोरी बांधायचो. चेंडू दोरीच्या वरून गेला की खालून, यावर आठवडाभर भांडणं. मी टपालात सॉर्टिंगला होतो. तिकीट घ्यायला आलेला माणूस तिकीट विसरायचा आणि म्हणायचा, "वरूनच गेला हो!"

पहिल्या वर्षी आम्ही बाहेरून पंच बोलावला. सायकलवर यायचा बिचारा. दोन रविवार आला. तिसऱ्या रविवारी त्याची सायकल झाडावर टांगलेली सापडली. कुणी टांगली ते मला ठाऊक आहे, पण तो आज तुझ्या छापखान्याचा मालक आहे, तेव्हा लिहीत नाही. त्यानंतर कुठलाही पंच आमच्याकडे फिरकेना.

मग बेकरीच्या मागच्या खोलीत सभा भरली. भट्टी ऊबदार, आम्ही पिठाच्या पोत्यांवर. संघ सात. म्हणजे दर रविवारी सहा खेळणार आणि एक रिकामा. कुणीतरी म्हणालं, "मग त्या रिकाम्याला लावा की कामाला!" ज्याची सुट्टी, त्याची शिट्टी. टाळ्या पडल्या, पाव वाटले, नियम झाला.

झेंड्याचा मात्र माझा नव्हे. तो पाववाल्याचा. बेकरीचा कप्तान, माझा तेव्हाचा पक्का वैरी. त्याने मला बाहेर काढलं. मी मुठी वळून त्याच्यावर गेलो. तो मागे हटला नाही. पिठाच्या पोत्याचं फडकं एका काठीला बांधलेलं होतं, ते माझ्या हातात दिलं. म्हणाला, "तुला माझ्यापेक्षा जास्त दिसतं ना? मग तिथे उभा राहा आणि मला सांग." मी उभा राहिलो. अरे, रेषेवरून वेगळंच मैदान दिसतं. संध्याकाळी सगळे गेले तरी आम्ही दोघं उतारावर बसून वाद घालत होतो. तो वाद तीस वर्षं चालला. दर रविवारी, आणि नंतर नंतर दर संध्याकाळी.

बाईंनी कार्ड बरोबर दाखवलं, असं मला इथून दिसतंय.

तुझा मामा


२० जानेवारी

मामा,

उत्तराला दोन महिने लावले, रागावू नका. आता मात्र घाई आहे.

आपली लीग धोक्यात आहे. नव्या सिमेंट कारखान्याला आठवा संघ म्हणून यायचंय. त्यांचं स्वतःचं सपाट हिरवं मैदान आहे, कपडे बदलायच्या खोल्या आहेत, नळाला पाणी आहे. पण त्यांची अट अशी की पंच संघटनेचे, परीक्षा पास झालेले हवेत. आणि मामा, आठ झाले की सुट्टी कुणालाच नाही. मग शिट्टी कुणाची? तुमचे दोन्ही नियम एका फटक्यात गेले.

हे एकदम कुठून निघालं म्हणाल, तर आगाराच्या एका कंडक्टरचा घोटा दुखावला. एवढंच. खेळ म्हटला की होतं.

१० फेब्रुवारीला सभा आहे. दवाखाना, आगार आणि शाळा आठव्याच्या बाजूने. बेकरी, टपाल आणि गिरणी विरुद्ध. उरलं आमचं एक मत. छापखान्याने मला पाठवायचं ठरवलंय. कंपोझिटरकाका म्हणाले, "तू कॉलेजात गेला होतास. अर्धं कॉलेज म्हणजे अर्धं भाषण तरी येईलच."

मला उरलेलं अर्धं तुमच्याकडून हवंय. जुन्या काळाचं असं काही लिहून पाठवा की ऐकणाऱ्याचा हात वर जायच्या आधी थरथरला पाहिजे. हे जाऊ देता कामा नये. काहीही झालं तरी.

भाचा


२७ जानेवारी

भाच्या,

कंपोझिटरचा फोन आला होता. माझ्या गुडघ्यांची चौकशी करायला. गुडघ्यांवरून गाडी घोट्यांवर आली.

घोटा आपोआप दुखावत नाही. त्यावर कुणीतरी पाय टाकावा लागतो. तो पाय तुझा होता, हे तू मला का लिहिलं नाहीस? चेंडू निघून गेला होता म्हणे. सामना तुम्ही जिंकतच होता म्हणे. आणि कंपोझिटरला रात्री झोप लागत नाही ती एका गोष्टीने. त्याचं म्हणणं, तो कंडक्टर खाली विव्हळत होता, शिट्टी वाजली, आणि तू वळलास तो हसत वळलास.

कशाला हसत होतास?

हे कळल्याशिवाय मी तुला एक ओळही पाठवणार नाही. ज्या लीगसाठी मी गुडघे घालवले तिचं रडगाणं कुणाच्या पायावरचं पांघरूण म्हणून वापरायला द्यायचं नाही मला.

मामा


१ फेब्रुवारी

मामा,

लिहितो. वाचून झाल्यावर पत्र फाडून टाका.

हसलो, कारण मला वाटलं शिट्टी तिची आहे.

दवाखान्याची सुट्टी हंगामात दोनदा येते. म्हणजे मला ती मैदानावर वर्षातून दोन रविवार. पहिला गेला तो तुम्हाला सांगितला. मधले सगळे आठवडे मी कागद कापत काढले. दवाखान्यासमोरून सायकलने इतक्यांदा गेलो की तिथला वॉचमन विचारतो, "पेशंट कोण आहे तुमचा?" दुसरा रविवार जवळ आला आणि मी ठरवलं. पुन्हा कार्ड घ्यायचं. मग उरलेला दिवस झेंडा, तिची रेषा, तिचं "माझ्याकडे बघा". या लीगमध्ये शिक्षा मिळवायला धडपडणारा मी पहिलाच असेन.

पहिल्या हाफमध्ये मी खूप बोललो. तिने लक्षच दिलं नाही. हाफटाइमला माझ्या बुटाचा तळ सुटला, तो सुतळीने बांधत बसलो आणि थोडा उशिरा आत गेलो. तेवढ्यात तिला दवाखान्यातून बोलावणं आलं होतं. रस्त्यावर कसलातरी अपघात, एक्स-रेला माणूस नाही. ती गेली आणि शिट्टी आचाऱ्याच्या हातात देऊन गेली. सगळ्या मैदानाने पाहिलं, एक मी सोडून. मी आत शिरलो, समोर कंडक्टर दिसला, आणि मी गेलो. इतका जोरात जायचं नव्हतं. आईशप्पथ नव्हतं. शिट्टी वाजली, मी वळलो, तर आचारी. हातात लाल कार्ड, आणि तोंडावर असा भाव, की जणू मी त्याच्या भांड्यात थुंकलोय.

दोन सामने त्याच्या रेषेवर काढले. संध्याकाळी दवाखान्यात गेलो. एक्स-रेच्या खोलीबाहेर बाक आहे, त्यावर कंडक्टर पाय लांब करून बसला होता. मला म्हणाला, "या, बसा. जागा आहे. तुमच्यामुळे आज आम्हाला बसायला मिळालं, नाहीतर दिवसभर उभेच असतो."

ती काळी फिल्म हातात धरून बाहेर आली. म्हणाली, "हाड शाबूत आहे." मग मला, "मुद्दाम केलंत?"

मी हो म्हणालो. कशासाठी ते नाही सांगितलं. ती फिल्म उजेडासमोर धरून बघत राहिली. "इथे फक्त हाड दिसतं," एवढं बोलून आत गेली.

त्यानंतर आगाराने, पंच नीट हवेत, असा अर्ज केला, आणि सिमेंटवाल्यांना संधी मिळाली. म्हणजे हे सगळं माझ्याच पायाने झालंय. संघटनेचे पंच आले की तिची शिट्टी जाणार. माझ्यामुळे. तिचे ते दोन रविवार मला तिला परत मिळवून द्यायचेत, मामा. तिला, आणि खोटं कशाला बोलू, मलाही. म्हणून नियम टिकायला हवा. आता पाठवा किंवा पाठवू नका.

भाचा


६ फेब्रुवारी

चि. भाच्यास,

पत्र फाडलं नाही. तुझी मामी असती तर तिला वाचून दाखवलं असतं. तिने तुला आधी दोन धपाटे घातले असते आणि मग मुलीची चौकशी केली असती.

वाचायचं असेल तर एवढं वाच.

पाववाल्याचं शेवटचं वर्ष. छातीचं दुखणं, पिठाने फुप्फुसं भरलेली. बेकरीची सुट्टी आली तसा मुलाला म्हणाला, "शिट्टी माझी." चार पावलं चालणं होत नव्हतं त्याच्याने. आम्ही वरच्या अंगाला, मधल्या रेषेजवळ, खुर्ची टाकली. घोंगडी पांघरून बसला. चेंडू खाली उतरला की त्याला काही दिसायचं नाही, आणि शिट्टी फुंकायला दमही नव्हता. आम्ही रेषेवरचे घाबरलेलो. आज काय काय होणार!

काहीच झालं नाही. खाली कुणाचा हात लागला की तो स्वतः हात वर करून ओरडायचा, "माझा लागला हो, काका!" चेंडू बाहेर गेला की ज्याचा लागला तो बाजूला व्हायचा. गिरणीची ती दांडगी पोरं, ज्यांनी आयुष्यात कधी फाउल कबूल केला नव्हता, ती उतार चढून त्याला सांगायला यायची. एकाने तर स्वतःचा गोल नाकारला. दोरीच्या वरून गेला म्हणाला. तोवर दोरी जाऊन लोखंडी दांडी येऊन जमाना झाला होता! पाववाला हसला, आणि हसता हसता त्याला जी ढास लागली ती थांबेना. आम्ही सगळे खेळ सोडून उभे. ढास थांबल्यावर म्हणाला, "खेळा रे, वेळ जातोय."

आणखी लिहीत नाही. एवढ्याने हात थरथरतील.

आता हे तुझ्यापुरतं, सभेपुरतं नव्हे. ही गोष्ट त्याची आहे, नियमाची नाही. नियम आम्ही अडचण भागवायला केला. तो सायकलवाला पंच टिकला असता तर आम्ही कशाला शिट्टीला हात लावतो? मला ते दिवस हवेत रे. पण दिवस हवे असणं वेगळं आणि नियम हवा असणं वेगळं. म्हाताऱ्यांचा यात गोंधळ होतो. तू म्हातारा नाहीस.

आणि त्या मुलीला काय हवंय, हे तिला विचारलंस का? की तेही तूच ठरवलंस?

तुझा मामा


११ फेब्रुवारी

मामा,

विचारलं.

सभा टपालकचेरीच्या वरच्या खोलीत होती. तुमचं सॉर्टिंगचं खणांचं कपाट अजून तिथेच आहे. आता प्रत्येक खणात चहाचा एकेक कप ठेवतात. मी लवकर गेलो. जिन्यावर ती उभी होती, दवाखान्याचं मत घेऊन. मी म्हणालो, "काळजी करू नका. तुमची शिट्टी मी जाऊ देणार नाही."

"कुठली माझी शिट्टी?"

"दवाखान्याची. ते दोन रविवार."

ती माझ्याकडे बघत राहिली. एखादा पेशंट चुकीच्या खोलीत आल्यावर बघत असेल तशी. मग पिशवीतून कागद काढून दाखवला. मामा, ती संघटनेची परीक्षा पास झालेली आहे! गेल्याच वर्षी. लेखी आणि धावण्याची, दोन्ही.

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

"सांगून काय? इथे शिट्टी ज्याला सुट्टी त्याच्या हातात, ज्याला येते त्याच्या हातात नाही. दोन रविवार वाजवते. बाकीचे रविवार कठड्याबाहेर उभी राहून मनातल्या मनात." कागदाची घडी घालताना म्हणाली, "तुम्ही आज विरुद्ध बोलणार आहात, हे सगळ्यांना माहीत आहे. बोला. चांगलं बोलता तुम्ही. ओरडत नाही तेव्हा."

आणि आत गेली.

मला बोलावलं. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं, म्हणून तुमचंच वाचलं. खुर्ची, घोंगडी, "माझा लागला हो, काका". मामा, बेकरीचा तो मुलगा, तो आता पन्नाशीचा आहे, तो रुमालात तोंड घालून बसला. तुमच्या टपालवाल्यांनी डोळे पुसले. अध्यक्ष म्हणजे शाळेचे चित्रकलेचे मास्तर, ठरावाच्या बाजूचे, तेही चष्मा काढून काचा पुसत राहिले. कंपोझिटरकाकांनी माझी पाठ थोपटली. आम्ही जिंकलोच होतो.

"विरुद्ध?" तीन हात. "बाजूने?" तीन हात. मग सगळे माझ्याकडे वळले, आणि मी हात वर केला. बाजूने.

आधी कुणाला कळलंच नाही. मास्तरांनी दोनदा विचारलं. मग कंपोझिटरकाका उठले. "अरे गाढवा! लग्न इथे आणि वरात तिथे? आत्ता तूच रडवलंस ना आम्हाला?"

"रडायला काय हरकत आहे, काका," मी म्हणालो. "पण पंच हवाच."

मी तिच्याकडे बघितलं नाही. पण मनात हिशेब मांडला होता, खोटं बोलत नाही. आता ती दर रविवारी मैदानावर. आणि मी पण. दोनाचे सगळेच रविवार झाले! पुढचा विषय पंचांची नावं. तिने कागद पुढे केला. मास्तरांनी वाचला, खूश झाले, आणि तेवढ्यात कंडक्टर उठला. अजून लंगडतो तो.

"तिकीट फाडायच्या आधी एक विचारतो," तो म्हणाला. "संघटनेचा नियम आहे, पंचाचं कुठल्याही खेळाडूशी नातं, घरोबा, काही नसावं. बाईंबद्दल तक्रार नाही. पण हा छापखान्याचा वाघ मैदानात कुणाकडे बघत धावतो, ते आमच्या बसच्या मागच्या टायरलाही ठाऊक आहे. माझा घोटा काय उगाच सुजला?"

हशा पिकला. आचारी तेवढा हसला नाही. तिचे कान लाल झाले. हात कागदावर तसाच.

मास्तर म्हणाले, "बाई, तुम्हाला काही म्हणायचंय?"

"माझ्याकडून तसं काही नाही," ती म्हणाली. आवाज स्वच्छ. खरंच बोलली ती. तिच्याकडून काही नव्हतंच कधी. जे होतं ते सगळं माझ्याकडून.

पण कंडक्टर बसेना. "बाईंकडून नसेल. त्याच्याकडून? उद्या हिने त्याला पेनल्टी दिली तर आम्ही काय समजायचं?" मास्तर कागद उलटसुलट करू लागले. गिरणीवाला म्हणाला, "मग राहू द्या की यांचं नाव, दुसरं कुणी बघू." आणि मामा, मला दिसलं, ते नाव खरंच बाजूला ठेवणार होते. वर्षभराचा अभ्यास, भावाचे बूट, कठड्याबाहेरचे रविवार, सगळं माझ्या बघण्यापायी.

मी उठलो तो इतक्या जोरात की खुर्ची मागे पडली. कंडक्टरने चटकन पाय मागे घेतला. सगळ्यांना वाटलं, आता हा त्याची गचांडी धरणार. मलाही क्षणभर तसंच वाटलं.

"माझं नाव छापखान्याच्या संघातून काढा," मी म्हणालो.

"किती सामन्यांसाठी?" मास्तरांनी विचारलं.

"बाई पंच आहेत तोवर."

"म्हणजे?"

"म्हणजे मी खेळाडू नाही. मग कुणाला काही समजायची गरजच नाही. लिहा त्यांचं नाव."

कंपोझिटरकाकांनी माझी बाही धरली. "अरे वेड्या, एकुलता एक फॉरवर्ड आहेस आमचा! बस खाली, बस!" कंडक्टर खाली बसला होता. माझ्याकडे असा बघत होता, जणू पुढच्या स्टॉपला उतरणारा माणूस मध्येच उतरून गेलाय. मास्तरांनी पेनाचं टोपण काढलं आणि तिचं नाव लिहिलं. पूर्ण नाव, मामा. मला ते कालच कळलं.

ती म्हणाली, "अहो, थांबा जरा."

थांबलो असतो तर ते सगळे म्हणत होते ते तिथेच खरं झालं असतं. मी काकांची बोटं बाहीवरून सोडवली, खुर्ची उचलून सरळ ठेवली, बाहेर आलो, आणि मागे दार हळूच लावून घेतलं.